इतिहासकार जेव्हा विद्यापीठाच्या सर्वोच्च आसनावर बसतो : ड्रू गिल्पिन फाउस्ट यांची कारकीर्द

१.
६ एप्रिल २०१६. अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातील केंब्रिज शहर. हार्वर्ड विद्यापीठाच्या आवारात वॉड्सवर्थ हाउस नावाची एक जुनी, पिवळ्या रंगाची लाकडी वास्तू आहे. १७२६ साली ती हार्वर्डच्या अध्यक्षांच्या निवासासाठी बांधण्यात आली. त्या दिवशी तिच्या भिंतीवरील एका नव्या पाटीचे अनावरण झाले. पाटीवर चार नावे होती : टायटस, व्हीनस, बिल्हा आणि जुबा.

२.
हे चौघे हार्वर्डचे प्राध्यापक नव्हते, विद्यार्थी नव्हते, देणगीदारही नव्हते. ते या घरातले गुलाम होते. बेंजामिन वॉड्सवर्थ (अध्यक्षपद १७२५ ते १७३७) आणि एडवर्ड होल्योक (१७३७ ते १७६९) या दोन अध्यक्षांच्या घरी ते राबले. घराला मालकाचे नाव मिळाले. राबणाऱ्यांची नावे भिंतीवर यायला जवळजवळ तीन शतके जावी लागली.

३.
अनावरणाला दोन व्यक्ती उपस्थित होत्या. एक, नागरी हक्कांच्या लढ्यातील ज्येष्ठ नेते आणि काँग्रेस सदस्य जॉन लुइस. दुसऱ्या, हार्वर्डच्या तत्कालीन अध्यक्ष ड्रू गिल्पिन फाउस्ट. फाउस्ट यांचा मूळ व्यवसाय इतिहासलेखनाचा आणि त्यांचा विषय होता अमेरिकेचा गुलामगिरीवर उभा राहिलेला दक्षिण भाग. आजचा हा थ्रेड त्यांच्या कारकिर्दीवर आहे.

४.
अमेरिकन विद्यापीठाचा 'प्रेसिडेंट' म्हणजे ढोबळमानाने आपल्याकडचा कुलगुरू. इतिहासकाराने ते आसन भूषवणे आपल्यालाही नवे नाही. औरंगजेब आणि शिवाजी महाराजांचे चरित्रकार सर जदुनाथ सरकार १९२६ ते १९२८ या काळात कलकत्ता विद्यापीठाचे कुलगुरू होते. भारत इतिहास संशोधक मंडळाचे दत्तो वामन पोतदार १९६१ ते १९६४ या काळात पुणे विद्यापीठाचे कुलगुरू होते.

५.
पण या दोन कामांत एक अंगभूत विरोध आहे. इतिहासकाराचे काम प्रश्न विचारण्याचे. कागदात कोण आहे, कोण नाही आणि का नाही, हे तो विचारतो. संस्थेच्या प्रमुखाचे काम संस्था सांभाळण्याचे. तिचे नाव, तिचा पैसा आणि तिचे हितसंबंध त्याला जपावे लागतात. मग इतिहासकारच संस्थेचा प्रमुख झाला तर? फाउस्ट यांच्या अकरा वर्षांच्या कारकिर्दीत या प्रश्नाचे उत्तर शोधता येते.

६.
त्यांचा जन्म १८ सप्टेंबर १९४७ रोजी न्यूयॉर्कमध्ये झाला आणि बालपण गेले व्हर्जिनियाच्या क्लार्क काउंटीत. शेनांडोआ खोऱ्यातला हा सधन, घोडे पाळणाऱ्या जमीनदारांचा मुलूख. शाळा, चर्च, पंगत, सारे काही गोऱ्यांचे वेगळे आणि काळ्यांचे वेगळे. मुलींनी कसे बसावे, काय ल्यावे आणि कोणती स्वप्ने पाहू नयेत, हेही ठरलेले. जग पुरुषांचे आहे, हे जितक्या लवकर शिकशील तितके बरे, अशी समज आईनेच दिली होती.

७.
१९५४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने शाळांमधील वर्णभेद घटनाबाह्य ठरवला होता. व्हर्जिनियाच्या राजकारण्यांनी मात्र त्याला कडवा विरोध मांडला. त्या विरोधाचे सूत्रधार सिनेटर हॅरी बर्ड फाउस्ट यांच्याच परगण्यातले. घरी काम करणाऱ्या कृष्णवर्णीय गृहस्थांबरोबर शाळेतून परतताना गाडीतल्या रेडिओवर ही चर्चा त्या चिमुरडीच्या कानी पडली आणि एक गोष्ट तिच्या प्रथमच लक्षात आली. आपल्या शाळेत एकही कृष्णवर्णीय मूल नाही, आणि हा योगायोग नाही.

८.
१९५७ च्या फेब्रुवारीत नऊ वर्षांच्या या मुलीने आईवडिलांना न सांगता थेट राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना पत्र लिहिले. वर्णभेद अन्यायाचा आहे, देवाच्या दृष्टीनेही चुकीचा आहे, असा त्याचा आशय होता. पुढे इतिहासकार झाल्यावर त्यांनी आयझेनहॉवर ग्रंथालयाच्या अभिलेखागारात चौकशी केली, आणि ते पत्र खरोखरच तिथे जपलेले निघाले. स्वतःची आठवणही कागदाशी ताडून पाहावी, ही इतिहासकाराची सवय इथे दिसते.

९.
१९६४ मध्ये त्या ब्रिन मॉर या मुलींच्या महाविद्यालयात दाखल झाल्या. ७ मार्च १९६५ रोजी अलाबामातील सेल्मा येथे मतदानाच्या हक्कासाठी निघालेल्या मोर्चावर पोलिसांनी पुलावरच निर्घृण लाठीमार केला. मोर्चाच्या अग्रभागी असलेल्या तरुण जॉन लुइस यांचे डोके फुटले. ती दृश्ये दूरचित्रवाणीवर पाहून फाउस्ट परीक्षा बुडवून सेल्माला गेल्या. २०१६ च्या पाटीशेजारी जे दोघे उभे होते, त्यांच्या आयुष्यांचा धागा असा अर्धशतकामागे जाऊन जुळतो.

१०.
१९६८ मध्ये इतिहासातील पदवी घेतल्यावर दोन वर्षे सरकारी गृहनिर्माण खात्यात नोकरी, मग पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठात संशोधन आणि १९७५ मध्ये पीएच.डी. तिथेच त्यांनी सुमारे पंचवीस वर्षे अध्यापन केले. विषय निवडला तो आपल्याच मातीचा, तिथल्या सर्वांत अडचणीच्या प्रश्नाचा : शिकलीसवरलेली, धर्मभीरू, स्वतःला सज्जन मानणारी माणसे गुलामगिरीचे समर्थन कशी करू शकली?

११.
पहिला ग्रंथ १९७७ चा, 'ए सेक्रेड सर्कल'. यादवी युद्धापूर्वीच्या दक्षिणेतील पाच विचारवंतांचा हा अभ्यास आहे. हे लोक अडाणी किंवा राक्षसी नव्हते. वाचणारे, लिहिणारे, एकमेकांना दीर्घ पत्रे पाठवणारे होते. आपल्या समाजात आपली कदर व्हावी म्हणून त्यांनी त्या समाजाच्या सर्वांत मोठ्या अन्यायाला तात्त्विक बैठक पुरवली. बुद्धी आणि नैतिकता यांचा आपोआप सांधा जुळत नाही, हा या ग्रंथाचा अस्वस्थ करणारा निष्कर्ष.

१२.
त्या पाचांपैकी एकावर त्यांनी १९८२ मध्ये स्वतंत्र चरित्र लिहिले. जेम्स हेन्री हॅमंड. दक्षिण कॅरोलिनाचा गव्हर्नर, मोठा मळेवाला आणि पुढे सिनेटर. १८५८ साली सिनेटमध्ये 'कापूस राजा आहे' अशी गर्जना करणारा तो हाच. आमचा कापूस तीन वर्षे थांबला तर इंग्लंड कोसळेल, असा त्याचा दावा होता. हे वाक्य लक्षात ठेवा, थ्रेडच्या शेवटी आपण मुंबईत परत त्याच्याकडे येणार आहोत.

१३.
हॅमंडला नोंदी ठेवण्याचा सोस होता. मळ्यावरील गुलामांचे जन्ममृत्यू, कामाचे नियम, शिक्षा, सारे लिहून ठेवलेले. फाउस्ट यांनी हेच कागद उलट बाजूने वाचले. मालक पुन्हा पुन्हा नवे नियम का करतो? कारण जुने पाळले जात नाहीत. काम मंदावते, चोरून प्रार्थनासभा भरतात, माणसे पळून जातात. मालकाच्याच वहीतून गुलामांचा प्रतिकार दिसू लागतो आणि त्याची सत्ता त्याला वाटत होती तितकी निरंकुश नव्हती, हे उघड होते.

१४.
ही पद्धत आपल्या अभ्यासकांनाही परिचित आहे. पेशवे दप्तरात कुणबिणींच्या आणि बटकींच्या नोंदी आहेत. त्या स्त्रियांनी स्वतः लिहिलेले काहीच नाही. खरेदी, किंमत, बक्षिसी, पळून जाणे एवढेच उल्लेख सापडतात. तरीही काळजीपूर्वक वाचले की कागद लिहिणाऱ्याच्या हेतूपलीकडचे काही सांगू लागतो. गप्प बसवलेल्यांचा इतिहास बहुधा बोलणाऱ्यांच्याच कागदांत शोधावा लागतो.

१५.
१९९६ मध्ये 'मदर्स ऑफ इन्व्हेन्शन' आला. युद्धकाळातील दक्षिणेच्या मळेवाल्या घरांतील स्त्रियांचा हा इतिहास. नवरे रणांगणावर गेले आणि गुलामांवर हुकमत चालवण्याचे काम अशा बायकांवर पडले, ज्यांना आजवर परावलंबी राहायलाच शिकवले होते. त्यांच्या रोजनिशा व पत्रांतून दिसते ते शौर्याचे चित्र नाही. भीती, थकवा आणि युद्धाविषयी वाढत जाणारी नाराजी दिसते. या ग्रंथाला फ्रान्सिस पार्कमन पारितोषिक मिळाले.

१६.
त्यांचा सर्वाधिक वाचला गेलेला ग्रंथ मात्र २००८ चा, 'धिस रिपब्लिक ऑफ सफरिंग'. विषय एकच, मृत्यू. अमेरिकन यादवी युद्धात (१८६१ ते १८६५) सुमारे ६,२०,००० सैनिक मृत्युमुखी पडले, असा तेव्हाचा सर्वमान्य आकडा. नंतरच्या अभ्यासकांनी तो आणखी वर नेला आहे. म्हणजे देशाच्या लोकसंख्येच्या सुमारे २ टक्के. एवढे मृतदेह ओळखायचे कोणी, पुरायचे कोणी, घरी कळवायचे कोणी?

१७.
युद्ध सुरू झाले तेव्हा या प्रश्नांना उत्तरच नव्हते. सैनिकांना ओळखपट्ट्या दिलेल्या नव्हत्या. घरच्यांना अधिकृतपणे कळवण्याची व्यवस्था नव्हती. लढाईपूर्वी सैनिक आपले नाव चिठ्ठीवर लिहून अंगरख्याला टाचत. युद्धानंतर केंद्र सरकारने शोधमोहीम काढली आणि १८७१ पर्यंत आपल्या बाजूच्या सुमारे ३ लाख सैनिकांचे अवशेष ७४ राष्ट्रीय दफनभूमींत आणून पुन्हा पुरले. त्यांतील जवळजवळ निम्म्यांची नावे कधीच कळली नाहीत.

१८.
फाउस्ट यांचा मुद्दा असा की या कामातून राज्यसंस्थेचे रूपच बदलले. प्रत्येक मृत नागरिकाचा हिशेब देणे हे सरकारचे कर्तव्य ठरले. त्यातही भेद होताच. पराभूत दक्षिणेच्या मृतांना या योजनेतून वगळले गेले आणि त्यांचे काम तिथल्या स्त्रियांच्या मंडळांनी केले. कोणाचे नाव कोरले जाते आणि कोणाचे नाही, हा प्रश्न या ग्रंथाच्या मुळाशी आहे. वॉड्सवर्थ हाउसवरील चार नावांकडे पाहताना हे विसरता येत नाही. या ग्रंथाला २००९ मध्ये बॅनक्रॉफ्ट पारितोषिक मिळाले.

१९.
आता त्या विद्यापीठाच्या कारभारात कशा आल्या ते पाहू. हार्वर्डशेजारी रॅडक्लिफ हे स्त्रियांचे महाविद्यालय होते. १९९९ मध्ये ते हार्वर्डमध्ये पूर्णपणे विलीन झाले आणि त्याच्या जागी एक प्रगत संशोधनसंस्था उभारण्याचे ठरले. २००१ मध्ये फाउस्ट तिच्या पहिल्या अधिष्ठाता झाल्या. जुन्या संस्थेच्या माजी विद्यार्थिनींचा जिव्हाळा सांभाळत नवी संस्था घडवायची, खर्च कमी करायचा, विद्वानांना आणायचे. कारभाराचे पहिले धडे त्यांनी इथे गिरवले.

२०.
जानेवारी २००५ मध्ये हार्वर्डचे तेव्हाचे अध्यक्ष, अर्थशास्त्रज्ञ लॉरेन्स समर्स यांनी एका परिषदेत विज्ञानक्षेत्रातील वरच्या पदांवर स्त्रिया कमी का, याची कारणमीमांसा केली. त्यात जन्मजात क्षमतेतील फरकाचाही उल्लेख होता. मोठा गदारोळ झाला. स्त्री प्राध्यापकांच्या स्थितीचा अभ्यास करण्यासाठी दोन कृतिगट नेमले गेले आणि त्यांच्या कामावर देखरेख फाउस्ट यांनी केली. समर्स आणि प्राध्यापकवर्ग यांचे बिनसतच गेले आणि २००६ मध्ये समर्स पायउतार झाले.

२१.
फेब्रुवारी २००७ मध्ये फाउस्ट यांची निवड जाहीर झाली आणि १ जुलैला त्यांनी सूत्रे घेतली. १६३६ मध्ये स्थापन झालेल्या हार्वर्डच्या त्या २८ व्या अध्यक्ष आणि पहिल्या स्त्री अध्यक्ष. १६७२ नंतर हार्वर्डची पदवी नसलेली व्यक्ती या आसनावर प्रथमच बसत होती. आपण 'स्त्री अध्यक्ष' नसून हार्वर्डच्या अध्यक्ष आहोत, असे त्यांनी ठामपणे सांगितले. पण जगभरच्या मुलींची पत्रे येऊ लागल्यावर या घटनेचे मोल त्यांनीही मान्य केले.

२२.
पदग्रहणाच्या भाषणात त्यांनी इतिहासकाराचीच भूमिका मांडली. विद्यापीठाचे माप पुढच्या तिमाहीच्या ताळेबंदाने घ्यायचे नसते, त्याचे उत्तरदायित्व भूतकाळाला आणि भविष्यकाळाला असते, असा त्याचा आशय. त्याच वर्षीच्या डिसेंबरात मध्यमवर्गीय कुटुंबांवरील शुल्काचा भार कमी करणारी मोठी आर्थिक साहाय्य योजना जाहीर झाली. तिजोरी भरलेली होती आणि सारे सुरळीत दिसत होते.

२३.
मग २००८ चे आर्थिक संकट आले आणि ताळेबंदाने आपला सूड उगवला. हार्वर्डचा कायम निधी, म्हणजे ज्याच्या उत्पन्नावर विद्यापीठाचा सुमारे एक तृतीयांश खर्च चालतो ती गंगाजळी, जून २००८ मध्ये ३६.९ अब्ज डॉलर होता. वर्षभरात तो २६ अब्जांवर आला. २७५ कर्मचाऱ्यांना नोकरी गमवावी लागली. वसतिगृहांतली गरम न्याहारीसुद्धा बंद झाली. चार्ल्स नदीपलीकडच्या ऑलस्टनमधील भव्य विज्ञान संकुलाचे काम डिसेंबर २००९ मध्ये पाया घातल्यावर थांबवले गेले.

२४.
मृत्यूचा हिशेब लिहिणाऱ्या इतिहासकाराला आता कपातीचा हिशेब मांडायचा होता. पुढच्या वर्षांत त्यांनी गाडी रुळावर आणली. २०१२ मध्ये एमआयटीबरोबर 'एडएक्स' हे ऑनलाइन शिक्षणाचे व्यासपीठ सुरू झाले. २०१३ मध्ये ६.५ अब्ज डॉलरचे उद्दिष्ट ठेवून देणगी मोहीम निघाली आणि २०१८ मध्ये ती संपली तेव्हा ९.६ अब्ज डॉलर जमले होते. अमेरिकन उच्चशिक्षणात तोवर कोणीही इतकी रक्कम उभी केली नव्हती.

२५.
व्हिएतनाम युद्धाच्या काळात विद्यार्थ्यांच्या रोषामुळे हार्वर्डमधून लष्करी अधिकारी प्रशिक्षणाची 'आरओटीसी' योजना हद्दपार झाली होती. फाउस्ट स्वतः त्या काळातल्या युद्धविरोधी विद्यार्थिनी. समलिंगी व्यक्तींना सैन्यात उघडपणे सेवा करण्यास असलेली बंदी उठवण्याचा कायदा डिसेंबर २०१० मध्ये झाला, आणि मार्च २०११ मध्ये त्यांनीच ही योजना परत आणणाऱ्या करारावर सही केली. सैनिकांच्या मरणावर ग्रंथ लिहिणाऱ्या व्यक्तीला विद्यापीठ आणि सैन्य यांच्यातली दरी मान्य नव्हती.

२६.
पण आसनाने त्यांना बदललेही. दगडी कोळसा आणि तेल कंपन्यांमधील गुंतवणूक विद्यापीठाने काढून घ्यावी, अशी मागणी विद्यार्थ्यांनी लावून धरली. २०१३ मध्ये फाउस्ट यांनी नकार दिला. कायम निधी हे शिक्षणाचे साधन आहे, राजकीय बदलाचे हत्यार नव्हे, हा त्यांचा युक्तिवाद. एप्रिल २०१५ मध्ये विद्यार्थ्यांनी त्यांच्या कार्यालयाच्या इमारतीची नाकेबंदी केली. एकेकाळी परीक्षा बुडवून मोर्चाला गेलेली मुलगी आता दाराच्या आतल्या बाजूला होती. २०२१ मध्ये, त्यांच्या उत्तराधिकाऱ्याच्या काळात, हार्वर्डने ही गुंतवणूक हळूहळू संपवण्याची घोषणा केली.

२७.
आता मूळ प्रश्नाकडे. गुलामगिरीचा इतिहास लिहिणाऱ्या अध्यक्षांनी आपल्याच संस्थेचा गुलामगिरीशी असलेला संबंध कधी तपासला? सुरुवात त्यांच्या कार्यालयातून झालीच नाही. २००७ मध्ये इतिहासकार स्वेन बेकर्ट यांनी हार्वर्डच्या काही विद्यार्थ्यांना घेऊन या विषयावर अभ्यासवर्ग सुरू केला. मुलांनी जुने कागद चाळले आणि २०११ मध्ये एक पुस्तिका निघाली. दुसरीकडे ब्राउन विद्यापीठाच्या अध्यक्ष रूथ सिमन्स यांनी २००३ मध्येच समिती नेमली होती आणि तिचा अहवाल २००६ मध्ये आला होता. हार्वर्ड मागेच होते.

२८.
२०१५ मध्ये विधी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी बोधचिन्हाचा प्रश्न उचलला. त्यावरील धान्याच्या तीन पेंढ्या आयझॅक रॉयल या दात्याच्या घराण्याच्या चिन्हातून घेतलेल्या. त्याच्या मृत्युपत्रातील देणगीतून हार्वर्डचे कायद्याचे पहिले अध्यासन निर्माण झाले. ती संपत्ती आली होती अँटिग्वा बेटावरील उसाच्या मळ्यांतून, म्हणजे गुलामांच्या श्रमांतून. मार्च २०१६ मध्ये हे चिन्ह मागे घेण्यात आले. त्यानंतर महिन्याभराने वॉड्सवर्थ हाउसवर पाटी लागली. २०१७ मध्ये रॅडक्लिफ संस्थेत 'विद्यापीठे आणि गुलामगिरी' या विषयावर परिषद झाली आणि त्याच वर्षी विधी महाविद्यालयाच्या आवारात त्या अनाम गुलामांचे स्मारक उभे राहिले.

२९.
चिन्हे हटली, पाट्या लागल्या. एवढ्याने हिशेब पुरा होतो का? १८५० मध्ये हार्वर्डचे शास्त्रज्ञ लुई अगासिझ यांनी वंशश्रेष्ठत्वाचा सिद्धांत सिद्ध करण्यासाठी दक्षिण कॅरोलिनातील गुलामांची विवस्त्र छायाचित्रे काढवली. रेंटी आणि त्याची मुलगी डेलिया त्यांत आहेत. २०१७ च्या परिषदेच्या कार्यक्रमपत्रिकेवर रेंटीचेच छायाचित्र होते. आपण रेंटीच्या वंशज आहोत असे सांगणाऱ्या एका स्त्रीने २०१९ मध्ये न्यायालयात दाद मागितली. ज्याला विचारले नव्हते त्याची प्रतिमा आजही तुमच्याच मालकीची कशी, हा तिचा सवाल. २०२५ मध्ये तडजोड झाली आणि ही छायाचित्रे हार्वर्डच्या ताब्यातून जाणार हे ठरले.

३०.
म्हणजे गुलामगिरीचा इतिहास उत्तम जाणणाऱ्या व्यक्तीच्या कारकिर्दीतही संस्थेने आपला कागद, आपले छायाचित्र, आपला निधी सहजी हातातून सोडला नाही. सर्वंकष अहवाल आला तो एप्रिल २०२२ मध्ये, फाउस्ट पायउतार झाल्यावर चार वर्षांनी. हार्वर्डच्या पदाधिकारी, प्राध्यापक व कर्मचाऱ्यांनी ७० हून अधिक माणसांना गुलामगिरीत ठेवले होते, असे त्यात नोंदले आहे. विद्यापीठाने त्यासोबत १० कोटी डॉलरचा निधी जाहीर केला. या समितीचे अध्यक्षस्थान मात्र रॅडक्लिफ संस्थेच्या अधिष्ठात्यांकडे होते, म्हणजे फाउस्ट यांनी उभ्या केलेल्या संस्थेकडे.

३१.
३० जून २०१८ रोजी त्यांनी पद सोडले. त्यांच्या अखेरच्या पदवीदान समारंभाचे प्रमुख वक्ते होते जॉन लुइस. काही दिवसांतच त्या गोल्डमन सॅक्स या बँकेच्या संचालक मंडळावर गेल्या आणि त्यावर टीकाही झाली. पुढे त्या लेखनाकडे परतल्या. २०२३ मध्ये त्यांचे आत्मकथन 'नेसेसरी ट्रबल' प्रसिद्ध झाले. हे शीर्षक लुइस यांच्या प्रसिद्ध शब्दांवरून घेतलेले आहे. अन्यायाविरुद्ध आवश्यक तो उपद्रव करावाच लागतो, असे ते सांगत.

३२.
मग या कारकिर्दीचा अर्थ काय लावायचा? इतिहासकाराने आसन जिंकले की आसनाने इतिहासकाराला? माझ्या मते दोन्ही खरे आहे. संस्था उशिरा बोलली, तीही बहुतेकदा विद्यार्थ्यांनी रेटा लावल्यावर. पण रेटा लागला तेव्हा आसनावर कागद वाचता येणारी व्यक्ती होती. तिने तो विषय झटकला नाही, आणि स्मारक म्हणून गोलमोल वाक्याऐवजी चार माणसांची नावे कोरली. नावाचे मोल काय असते, हे तिने लाखो अनाम थडग्यांच्या अभ्यासातून ओळखले होते.

३३.
आता ठरल्याप्रमाणे मुंबईत येऊ. १८६१ मध्ये यादवी युद्ध पेटले, दक्षिणेची बंदरे रोखली गेली आणि हॅमंडच्या 'राजा'ची वाट अडली. तीन वर्षांत इंग्लंड मात्र कोसळले नाही. लँकेशायरच्या गिरण्यांचे हाल झाले खरे, पण त्यांनी दुसरीकडून कापूस मिळवला. त्यातला मोठा भाग वऱ्हाड, खानदेश, गुजरातेतून मुंबई बंदरावर येऊ लागला. भाव गगनाला भिडले आणि मुंबईत पैशांचा पूर आला. बेकर्ट यांनी कापसाच्या जागतिक इतिहासावरील आपल्या ग्रंथात वऱ्हाडाची दखल घेतली आहे, ती याच कारणाने.

३४.
या तेजीचे सम्राट होते प्रेमचंद रायचंद. १८६४ मध्ये त्यांनी मुंबई विद्यापीठाला ग्रंथालयासाठी २ लाख आणि मनोऱ्यासाठी २ लाख रुपये दिले. आईच्या नावाने उभा राहिलेला तो राजाबाई टॉवर १८७८ मध्ये पूर्ण झाला. त्याआधीच, १८६५ मध्ये युद्ध संपताच, कापसाचे भाव कोसळले होते आणि प्रेमचंदही त्यात बुडाले होते. कलकत्ता विद्यापीठातही त्यांच्या देणगीतून एक शिष्यवृत्ती सुरू झाली होती. ती पुढे जदुनाथ सरकारांना मिळाली.

३५.
त्याच युद्धाचा दुसरा पडसाद पुण्यात उमटला. १८७३ मध्ये महात्मा जोतीराव फुले यांनी आपला 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांची मुक्तता करणाऱ्या लोकांना अर्पण केला. एकाच घटनेतून मुंबईला मनोरा मिळाला आणि पुण्यातल्या एका विचारवंताला आपल्या समाजाकडे पाहण्याचा आरसा मिळाला. इतिहास इतका दूरचा नसतो आणि इतका परकाही नसतो.

३६.
मित्रहो, यात मुंबईच्या दात्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्याचा हेतू नाही. पण ज्या वास्तूत आपण शिकतो ती कोणाच्या पैशांनी उभी राहिली, तो पैसा कुठून आला, त्यासाठी कोण राबले आणि कोनशिलेवर कोणाचे नाव नाही, हे विचारायला कुलगुरू व्हावे लागत नाही. बेकर्ट यांच्या वर्गातली मुले विद्यार्थीच होती. तुमच्या शाळेची, महाविद्यालयाची कोनशिला एकदा नीट वाचा. काही हाती लागले तर ते इथे जरूर लिहा, ते वाचायला मला मनापासून आवडेल.